अर्ध्या वजनाचा हिशेब

विहिरीच्या काठी पत्र्याच्या खोपटात बसवलेले एका सिलिंडरचे ऑइल इंजिन ज्याने लहानपणी जवळून पाहिले असेल, हँडल मारून ते सुरू करताना वडीलधाऱ्यांच्या कपाळावर तटतटलेली शीर आणि सुरू झाल्यावर त्याच्या दोन्ही अंगांची जड फ्लायव्हील धुरकट उजेडात गरगरताना ज्याच्या डोळ्यांपुढे अजून असतील, त्याला हेही स्मरत असेल की त्या इंजिनाचे पाय काँक्रीटच्या चौथऱ्यात फाउंडेशन बोल्टांनी जखडलेले असत, आणि तरीही चौथऱ्यालगत अनवाणी उभे राहिले की तळपायांतून एक संथ, ठाम धक्का पोटरीपर्यंत चढत येई. किर्लोस्करांची आणि कूपरची इंजिने महाराष्ट्राच्या शिवारांत वर्षानुवर्षे अशीच नांदली. ती हादरत नसत असे नव्हे. ती हादरत, आणि आपला सगळा हादरा चौथऱ्याच्या मार्फत जमिनीच्या खाती जमा करीत. पृथ्वीच्या वजनापुढे तो हिशेबात धरण्याजोगा उरत नसे, एवढेच.

त्याच जातीचे, पण चौपट-पाचपट वेगाने फिरणारे इंजिन जेव्हा दोन चाकांवरच्या नळ्यांच्या सांगाड्यात बसवले जाते आणि त्याच्यावर माणूस स्वार होतो, तेव्हा त्याला असा चौथरा मिळत नाही. खाली हवा भरलेली रबरी चाके, वर स्वाराचे दोन तळहात, दोन तळपाय आणि बैठक. इंजिनाने टाकलेला प्रत्येक हादरा यांच्यातच वाटला जातो. पुण्याहून निघून कराडपर्यंत पोहोचता पोहोचता बोटांना आलेल्या मुंग्या, आरशात पाझरून गेलेली मागच्या गाडीची आकृती, दर महिना-दोन महिन्यांनी आपोआप सैल होणारे नंबरप्लेटचे नट, या सर्वांचे मूळ एकच आहे. त्या मुळाशी जाऊन, हादरा दाबण्याऐवजी किंवा दुसरीकडे वळवण्याऐवजी, तो उत्पन्न होताक्षणीच त्याच तोलाच्या उलट हादऱ्याने फेडून टाकण्याची जी युक्ती अभियंत्यांनी सिद्ध केली, तिला आज बॅलन्सर शाफ्ट म्हणतात, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

विषय लहान आहे, पण सोपा नाही. आणि त्याच्याविषयीचे गैरसमज मात्र भरपूर आहेत. इंजिन थरथरते ते आत स्फोट होतात म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्फोटाचा धक्का फिरत्या शक्तीत चढउतार घडवतो हे खरे. परंतु ज्वलनाचा दाब पिस्टनला जितका खाली रेटतो तितकाच सिलिंडरच्या माथ्याला वर रेटतो, आणि हे दोन्ही रेटे इंजिनाच्या एकाच अंगात, एकमेकांच्या विरुद्ध, जिरतात. स्वाराच्या हातांना जाळणारी बारीक, सततची थरथर उठते ती मुख्यत्वेकरून पिस्टनच्या वजनामुळे. स्पार्कप्लगची ठिणगी बंद करून तेच इंजिन बाहेरून तितक्याच वेगाने फिरवले, तरी ही थरथर जवळजवळ तशीच राहील.

कारण असे की पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. स्थिर पाण्यातल्या होडीत उभा असलेला माणूस काठाकडे उडी घेतो तेव्हा होडी मागे सरते. तद्वत् पिस्टनला थांबवून उलट दिशेला हाकायचे, तर बाकीच्या इंजिनाला त्याच्या विरुद्ध दिशेने ढकलले जावेच लागते. हे ढकलणे किती जोराचे असते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण मांडतो. भारतीय रस्त्यांच्या पूर्ण परिचयाच्या, ३५० वर्गातल्या जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर. पिस्टन, त्याच्या रिंगा, गजन पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा हिस्सा मिळून वरखाली करणारे वजन आकडेमोडीच्या सोयीसाठी अर्धा किलो धरू. मिनिटाला ४००० फेरे होत असताना टोकाच्या बिंदूवर या अर्ध्या किलोला मागे वळवण्यासाठी लागणारा जोर सुमारे ४०० किलोच्या ओझ्याइतका भरतो. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या हा जवळजवळ दुप्पट आहे. आणि तो एकदा वर, एकदा खाली असा सेकंदाला सदुसष्ट वेळा लागतो. वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेल्या केटीएम ३९० ड्यूकच्या पहिल्या इंजिनाचा पल्ला अवघा ६० मिलिमीटर होता. तरी ते ९००० फेऱ्यांवर नेले आणि वरखाली करणारे वजन साडेतीनशे ग्रॅमच धरले, तरीही हा जोर साडेनऊशे किलोच्या घरात जातो. वेगाने फिरणाऱ्या आधुनिक इंजिनाला ही तजवीज चैनीसाठी लागत नाही, गरजेपोटी लागते, ती या वर्गाच्या नियमामुळे.

आणि इतक्या जोराने गाडी हलते तरी किती? अर्धा किलो ४५ मिलिमीटरच्या त्रिज्येवर, आणि सगळी गाडी दोनशे किलोची, असे धरले तर गाडीचे मध्यापासूनचे हलणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे येते, म्हणजे आपल्या हातातल्या या पुस्तकाच्या एका पानाच्या जाडीएवढे. सांगाड्याचे नळे आणि हँडल यांची आपापली जी नैसर्गिक कंपने असतात ती या तालाशी जुळली की हे माप कित्येक पटींनी वाढते, हे वेगळे. पण मूळ धन एवढेच. पानाच्या जाडीएवढ्या या हालचालीने मनगटे बधिर होतात, वेल्डिंगला तडे जातात आणि दिव्यांचे तंतू तुटतात, हे मी प्रथम आकड्यांत पाहिले तेव्हा कितीतरी वेळ तो कागद पुढ्यात तसाच ठेवून बसलो होतो.

आता उपायाकडे वळू. क्रँकच्या पिनेभोवती जे वजन नुसते गोल फिरते, त्याचा प्रश्न सोपा आहे. दोन मुली हात गुंफून, मागे झुकून फुगडी घालतात तेव्हा एकीचा ओढा दुसरी तोलून धरते. क्रँकच्या तव्यांना पिनेच्या विरुद्ध बाजूस जड पोट ठेवले म्हणजे पिनेची फुगडी तशीच तोलली जाते, आणि हा तोल प्रत्येक क्षणी, प्रत्येक वेगाला पूर्ण असतो. अडचण पिस्टनची आहे, कारण पिस्टन गोल फिरत नाही. त्याला तोलण्यासाठी तव्याचे पोट आणखी जड करावे, तर ते जादा वजन पिस्टन वर असताना खाली असते आणि उपयोगी पडते; परंतु पाव फेऱ्याने ते जेव्हा आडवे येते तेव्हा पिस्टनच्या ओढ्याचा मुळी मागमूस नसतो, आणि ते वजन एकटेच इंजिनाला पुढे ओढते, पुढच्या अर्ध्या फेऱ्याने मागे ओढते. म्हणजे उभा हादरा आडवा झाला, मिटला नाही.

वाफेच्या इंजिनाच्या काळापासून हा पेच माणसाला माहीत होता. आगगाडीच्या मोठ्या चाकांत एका बाजूला चंद्रकोरीसारखे भरीव वजन ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या पेचावरची तडजोडच पाहिली आहे. तिथे पिस्टन आडवा धावत असल्यामुळे त्याला तोलण्यासाठी चाकात घातलेले जादा वजन उभ्या दिशेत रुळांवर हातोड्यासारखे घाव घाली. म्हणून रेल्वेचे अभियंते पिस्टनच्या वजनाचा काही हिस्साच तोलीत आणि बाकीचा हिस्सा गाडीला मागेपुढे हिसकावू देत. मोटारसायकलवाल्यांनीही तेच केले. पिस्टनच्या वजनाचा किती हिस्सा तव्यात घालायचा, निम्मा की थोडा अधिक, हे प्रत्येक कारखाना आपापल्या सांगाड्याचा स्वभाव पाहून ठरवी. सांगाडा उभ्या हादऱ्याला खंबीर असेल तर एक आकडा, आडव्याला असेल तर दुसरा. इंग्लंडच्या एका-सिलिंडरी गाड्यांचे अर्धशतक या एका आकड्याच्या घासाघिशीत गेले असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती एका भौमितिक सत्यातून, आणि त्या सत्याशी वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण पुढची सर्व प्रकरणे त्यावर उभी आहेत. दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरा. दोन्ही एकाच वेळी अगदी वर असू द्या. आता उजवीने उजवीकडून आणि डावीने डावीकडून, सारख्याच वेगाने, सारख्याच मापाचे वर्तुळ काढा. एक उजवीकडे जाते तेव्हा दुसरी तितकीच डावीकडे जाते, म्हणजे आडवी हालचाल परस्पर वजा होते. वर जाताना मात्र दोघी बरोबर वर जातात आणि खाली येताना बरोबर खाली येतात, म्हणजे उभी हालचाल बेरजेत धरली जाते. दोन उलटसुलट वर्तुळांची बेरीज एक सरळ रेषा. हेच उलट वाचले की पिस्टनचा सरळ रेषेतला हादरा म्हणजे निम्म्या जोराच्या, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन गोल हादऱ्यांची बेरीज होय.

एवढे पटले की सगळे प्रकरण उलगडते. त्या दोहोंपैकी जो अर्धा हादरा क्रँकच्याच दिशेने फिरतो, त्याच्याशी क्रँकच्या तव्यातले निम्मे जादा वजन फुगडी घालते आणि त्याला पुरता तोलते. उरतो तो क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा अर्धा. क्रँकवर बसवलेली कोणतीही वस्तू क्रँकच्याच दिशेने फिरणार, म्हणून क्रँकवर कितीही वजने चढवली वा उतरवली तरी या उलट्या अर्ध्याला ती कधीच गाठू शकणार नाहीत. पन्नास वर्षांच्या घासाघिशीला फळ का आले नाही, त्याचे उत्तर हे आहे. निम्म्या वजनावर तडजोड करणारे जुने कारागीर चुकत नव्हते. हिशेबाची एक बाजू त्यांनी अचूक भरली होती, दुसरी बाजू भरायला त्यांच्यापाशी जागाच नव्हती.

ती जागा म्हणजे बॅलन्सर शाफ्ट. क्रँकच्या शेजारी, क्रँकच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरणारा एक लहानसा दांडा, आणि त्याच्यावर एका बाजूला वाढवलेले वजन. उलट फिरवण्यासाठी निराळी खटपट लागत नाही; सारख्या दातांचे दोन गिअर एकमेकांत गुंतवले की दुसरे आपोआप पहिल्याच्या उलट फिरते. वजनही अर्धा किलो किंवा पाव किलो असलेच पाहिजे असे नाही. वजन आणि त्याचे मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार जमला पाहिजे. आपल्या उदाहरणात वरखाली करणारे अर्धे वजन २५० ग्रॅम, त्रिज्या ४५ मिलिमीटर. याच्या बदल्यात मध्यापासून २८ मिलिमीटरवर ४०० ग्रॅम ठेवले तरी हिशेब मिटतो. हे मिटणे प्रत्येक वेगाला मिटणे असते, कारण पिस्टनचा जोर ज्या वर्गाच्या नियमाने वाढतो त्याच नियमाने या वजनाचा ओढाही वाढतो. रबराचा बुश एका विशिष्ट तालालाच चांगला शोषतो, हँडलच्या टोकांना भरलेले शिसे त्रासाचा ताल फक्त दुसऱ्या वेगावर ढकलते. बॅलन्सर मात्र मंद वेगात मंद आणि तेज वेगात तेज होऊन देण्याची पैन् पै त्याच क्षणी चुकती करतो. या साधनाविषयी मला जो आदर वाटतो तो यासाठी.

या कल्पनेचा इतिहास या पुस्तकात एका प्रकरणापुरताच आहे. इथे त्यातली दोन-तीन स्थळे दाखवून पुढे जातो. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या विलक्षण बुद्धीच्या अभियंत्याने एकोणिसावे शतक संपत असतानाच आपल्या दोन सिलिंडरांच्या मोटारीत, एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन स्वतंत्र क्रँकशाफ्ट बसवून हे तत्त्व प्रत्यक्षात आणले होते, आणि पुढे चार सिलिंडरांच्या इंजिनासाठी दुप्पट वेगाने फिरणाऱ्या तोलदांड्यांची योजनाही मांडली होती. मोटारींत ती कल्पना लोकप्रिय व्हायला मात्र १९७० चे दशक यावे लागले. मोटारसायकलींत तिचा गाजावाजा त्याच दशकात जपानी कारखान्यांनी केला, आणि पहिले पाऊल सुखाचे पडले नाही: यामाहाच्या १९७३ च्या टीएक्स७५० या दोन सिलिंडरांच्या गाडीत बॅलन्सरची वजने खालच्या तेलाला घुसळून त्याचा फेस करीत, आणि फेसाळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करण्यास असमर्थ ठरे. ताक घुसळणारी रवी जे करते तेच तिथे घडत होते. तेव्हापासून बॅलन्सरची वजने तेलाच्या पातळीच्या वर कशी राहतील ही दक्षता प्रत्येक आराखड्यात घेतली जाते. एका सिलिंडरच्या मोठ्या चार-स्ट्रोक गाड्यांत होंडाने १९७९ च्या एक्सएल५००एस मध्ये दोन बॅलन्सर दिले. यामाहाच्या १९७८ च्या एसआर५०० मध्ये एकही नव्हता. या बिनबॅलन्सरच्या एसआरचे ४०० वर्गातले भावंड जपानमध्ये २०२१ पर्यंत विकले जात होते. ज्यांना पिस्टनचा प्रत्येक हेलकावा अंगाला लागलेला आवडतो अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या आवडीचा मी अनादर करीत नाही. मात्र ज्याला रोज चाळीस किलोमीटर नोकरीला जायचे आहे त्याच्या मनगटाची बाजू कुणीतरी मांडलीच पाहिजे.

आपल्याकडे रॉयल एनफील्डच्या एका-सिलिंडरी इंजिनांत बॅलन्सर आला तो २०१६ च्या हिमालयनमध्ये. आणि २०२० साली मिटिऑर ३५० बरोबर आलेल्या ३४९ सीसीच्या नव्या इंजिनात तो आल्यावर, क्लासिक आणि बुलेट या नावांच्या गाड्याही पुढच्या तीन वर्षांत त्याच इंजिनावर आल्या. त्या वेळी जुन्या स्वारांच्या मनात एक भीती होती, की थरथर गेली म्हणजे तो सुप्रसिद्ध धिमा डगडग आवाजही जाईल. भीती समजण्यासारखी होती, पण तिला शास्त्राचा आधार नव्हता. तो आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा होणाऱ्या ज्वलनाचा आहे, लांब पल्ल्याचा आणि जड फ्लायव्हीलचा आहे. बॅलन्सर त्यापैकी कशालाही हात लावत नाही. तो फक्त पिस्टनच्या वजनाचा देणेकरी आहे.

आता थोडे गुंतागुंतीच्या भागाविषयी. एकच बॅलन्सर क्रँकच्या पुढे दहा सेंटिमीटरवर बसवला, तर जोर जोराला खातो हे खरे, पण दोघे एका रेषेत नसतात. दोन माणसे दार सारख्याच जोराने, एक बिजागरीपाशी आणि एक कडीपाशी, उलट दिशांना रेटू लागली तर दार जाग्यावर राहत नाही, फिरते. तसेच इंजिन आता वरखाली न होता डोलू पाहते. हे डोलणे मूळ हादऱ्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते, आणि साधारण गाडीला एका बॅलन्सरवरच समाधान मानावे हा निर्णय शहाणपणाचा आहे. परंतु मोठ्या सिलिंडरच्या गाड्यांत तेही चालत नाही. मग वजन दोन शाफ्टांत वाटून एक पुढे आणि एक मागे ठेवतात, म्हणजे डोलणे डोलण्याला छेदते. कावासाकीच्या केएलआर गाड्यांत असे दोन बॅलन्सर साखळीने फिरवलेले आहेत, आणि साखळी ताणली की ती आवळणारी लहानशी कळ हाच त्या गाडीच्या मालकांच्या जागतिक चर्चेचा विषय होऊन बसला. केटीएमने २०१६ च्या ६९० ड्यूकमध्ये दुसरा बॅलन्सर थेट सिलिंडरच्या माथ्यात, कॅमशाफ्टच्या शेजारी नेला.

या सर्वांहून निराळी आणि मला अत्यंत देखणी वाटणारी युक्ती डुकाटीच्या १९९३ च्या सुपरमोनो या शर्यतीच्या गाडीची आहे. त्या कारखान्याला दोन सिलिंडर काटकोनात ठेवण्याची परंपरा होती. आणि काटकोनातले दोन सारखे पिस्टन एकाच पिनेवर असले की एकाचा ओढा संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो, दोघांची बेरीज एक शुद्ध गोल हादरा होते, आणि गोल हादऱ्याला क्रँकच्या तव्यातले वजन पूर्ण तोलू शकते. सुपरमोनोत दुसरा सिलिंडर नाही, पण दुसऱ्या सिलिंडरच्या जागी दुसरा कनेक्टिंग रॉड मात्र आहे. त्याच्या टोकाला पिस्टनऐवजी एका खिळीभोवती हलणारा तरफेसारखा तुकडा आहे, आणि त्याचे वजन पिस्टनच्या तोलाचे आहे. ना पेट्रोल जाळायचे, ना शक्ती द्यायची. आपल्या वजनाने केवळ जोडीदाराची सोबत करायची. अशा गाड्या फार थोड्या निघाल्या. तिचा नकाशा मी पुस्तकात पूर्ण पानभर दिला आहे, आणि त्याला अधिक जागा मिळाली असती तर अधिकच दिली असती.

पण बॅलन्सर कितीही नेमका असला तरी शिल्लक शून्य होत नाही, हे सांगितले नाही तर वाचकाची फसवणूक होईल. कनेक्टिंग रॉड अमर्याद लांब नसतो. तो तिरका होतो, आणि त्यामुळे वरच्या टोकाशी पिस्टन जितक्या झपाट्याने वळतो तितक्या झपाट्याने खालच्या टोकाशी वळत नाही. या फरकातून दुप्पट तालाचा एक दुय्यम हादरा निर्माण होतो. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट धरली, तर त्याचा जोर मुख्य जोराच्या चौथाई, म्हणजे आपल्या उदाहरणात शंभर किलो. क्रँकच्याच वेगाने फिरणारा बॅलन्सर त्याला स्पर्शही करीत नाही. मात्र ताल दुप्पट असल्याने तेवढ्याच जोराने होणारे हलणे चौथाई उरते. पानाच्या जाडीचा सोळावा हिस्सा. हाताला ते बारीक झिणझिण्यांसारखे जाणवते, आणि त्याच्यासाठी आणखी दोन शाफ्ट दुप्पट वेगाने फिरवण्याचा खर्च, घर्षण आणि वजन एका सिलिंडरच्या गाडीला बहुधा परवडत नाही. रबरी बुश आणि हँडलची वजने यांचे खरे काम इथे आहे. मुख्य देणे फिटल्यावर उरलेल्या किरकोळ बाकीसाठी ती योग्यच आहेत.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असे वाचकाला वाटू नये, म्हणून एक घटना सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे इंजिन एका वर्कशॉपमध्ये उघडावे लागले. परत मिळाले तेव्हा आवाज स्वच्छ होता, पिकअप चांगला होता, पण साठच्या वेगाला हँडलमध्ये एक अनोळखी गुणगुण आली होती आणि उजव्या आरशातले जग पुसट झाले होते. दोन आठवडे मी ते सोसले. बोल्ट आवळले, चाकांचा तोल पाहिला, इंजिनाची माउंटिंगे बदलली. अखेरीस एका परिचिताच्या सांगण्यावरून गावाबाहेरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही. स्टँडवर सुरू करून, डोळे मिटून, दोन बोटे टाकीवर ठेवली, रेस वाढवली, कमी केली, बंद केली.

“सर, इंजिन कोणी खोललं होतं का?”

मी सांगितले. त्यांनी तेल काढले, क्लचच्या बाजूचे कव्हर उतरवले, क्रँकच्या नटावर पाना लावून पिस्टन अगदी वर आणला, कापडाने दोन्ही गिअर पुसले आणि टॉर्चचा झोत टाकून म्हणाले, “या इकडं. हा क्रँकचा ठिपका. आणि हा बॅलन्सरचा. समोरासमोर पाहिजेत. एक दात हुकलाय.”

खरोखरच हुकला होता. टाचणीच्या डोक्याएवढे, घाणेरड्या तेलाने भरलेले दोन ठिपके, आणि त्यांच्यामध्ये एका दाताचे अंतर. गिअरला चाळीस दात होते. म्हणजे एका दाताला नऊ अंश. घरी येऊन मी हिशेब मांडला. वरच्या उदाहरणाचेच आकडे धरले, तर नऊ अंशांनी चुकलेला बॅलन्सर आपल्या वाट्याच्या दोनशे किलोंपैकी सुमारे एकतीस किलोंचा हादरा तसाच सोडून देतो. सगळा बॅलन्सरच नसता तर सोसावे लागणाऱ्या हादऱ्याच्या तो सहावा हिस्साही नाही. तरीही हात इतके दिवस तक्रार करीत होते, कारण त्यांना कमी शांततेची सवय नव्हती. आणि जर कोणी तोच गिअर पूर्ण अर्ध्या फेऱ्याने उलटा बसवला असता, तर दोनशेचे चारशे झाले असते. ज्या दांड्याने देणे फेडायचे त्यानेच ते दुप्पट केले असते. मिस्त्रींनी क्लच उतरवला, गिअर ओढून एक दात फिरवला, ठिपके जुळले. मग क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून ते पुन्हा जुळतात का ते पाहिले, आणि मलाही पाहायला लावले. या सर्व कामाला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला, त्यातला दुरुस्तीचा भाग एका दाताएवढाच होता.

त्या दिवसापासून या पुस्तकाचे टिपण सुरू झाले. पुढे दीड वर्ष मी अधूनमधून त्यांच्या बाकड्यापाशी बसत असे. त्यांनी खोललेल्या इंजिनांचे बॅलन्सर मला मोजू दिले, तोलू दिले, आणि दातांत फट उरल्याने होणारा किणकिणाट घालवण्यासाठी काही गिअर दोन पापुद्र्यांचे करून त्यांच्यामध्ये लहान स्प्रिंगा का भरतात हे एक झिजलेला गिअर माझ्या तळहातावर ठेवून समजावले. तिसऱ्या प्रकरणातल्या बहुतेक आकृत्या त्या बाकड्यावरच्याच आहेत. हस्तलिखित पुरे झाल्यावर मी त्यांना त्या आकृत्या दाखवल्या, तेव्हा समीकरणांकडे त्यांनी आदराने पाहिले आणि पान उलटले. ठिपक्यांच्या आकृतीवर मात्र ते थांबले. “सर, हे ठिपके फार बारीक काढलेत,” ते म्हणाले, “पोरांचे हात तेलाचे असतात, उजेड कमी असतो. मोठे छापा.” प्रकाशकांनी ते मान्य केले, आणि म्हणून पृष्ठाच्या मापाशी विसंगत वाटतील इतके ते दोन ठिपके या पुस्तकात ठळक आहेत.